आयकराचा हिशेब आपल्या हातात

जून उजाडला की नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत दोन चौकशा बरोबरीने चालतात: पाऊस कुठवर आला, आणि फॉर्म १६ मिळाला का. जिल्हा परिषदेचे गुरुजी असोत, कुंडलवाडीच्या बँकेतला कारकून असो की सगरोळीतले मुख्याध्यापक, पुढचा रिवाज ठरलेला आहे. फॉर्म १६, पॅन, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कुणाच्या तरी हवाली करायचा, ठरलेले पैसे द्यायचे आणि पावतीची झेरॉक्स फाइलला लावायची. आत काय भरले, हे विचारायची पद्धतच नाही.

हा रिवाज आता महागात पडतो आहे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर सुमारे १५० ठिकाणी पडताळणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. पगारदारांच्या नावाने खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ तिचे लक्ष्य होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे चुकीचे दावे मागे घेतल्याचे विभागाने त्या वेळी सांगितले. रिटर्न कुणीही भरून दिले तरी ते भरले जाते तुमच्या नावाने. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले तर त्यावरच्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि तो मध्यस्थ भरत नाही.

म्हणून हिशेब स्वतः करावा, आणि तो अशा साधनांवर करावा ज्यांतले प्रत्येक सूत्र उघडून पाहता येते. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, वापरता, बदलता आणि वाटता येतो, ते इथे फार कामाचे आहे. ते फुकट मिळते हा त्याचा धाकटा गुण. मोठा गुण असा, की आकडा कुठून आला ते त्यात लपत नाही.

आधी मर्यादा समजून घ्या

अमेरिकेत ओपनटॅक्ससॉल्व्हर नावाचे मुक्त सॉफ्टवेअर बरीच वर्षे चालते आहे, आणि तिथल्या कर खात्याने ‘डायरेक्ट फाइल’ या आपल्या रिटर्न भरण्याच्या प्रणालीचा कोड २०२५ मध्ये जगासाठी खुला केला. भारतीय रिटर्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून देईल असे भरवशाचे मुक्त सॉफ्टवेअर मात्र मी तुम्हाला सुचवू शकत नाही. आपल्याकडे रिटर्न दाखल करण्याची जागा एकच, विभागाचे ई-फायलिंग पोर्टल. जून २०२१ पासून ते नव्या रूपात आहे आणि पगारदारांना लागणारे फॉर्म त्यावर ऑनलाइन, विनामूल्य भरता येतात. साधा ब्राउझर पुरतो.

पोर्टलवरून उतरवून घेण्याची एक्सेल युटिलिटीही मिळते. ती मॅक्रोंवर चालते, तेव्हा लिबरऑफिसमध्ये उघडून तिच्यावर विसंबू नका. दुसरी युटिलिटी विंडोजसाठी आहे. लिनक्स वापरणाऱ्याने या दोन्हींच्या मागे न लागता ऑनलाइन भरणे उत्तम.

तेव्हा कामाची वाटणी अशी: कागद वाचणे, जुळवणे, कर काढणे आणि नोंदी सांभाळणे हे सगळे तुमच्या संगणकावर, मुक्त साधनांनी; पोर्टलवर जायचे ते तयार आकडे हातात घेऊन. या वाटणीचा बिलोलीत आणखी एक फायदा. जुलैत वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, आणि पोर्टल थोडा वेळ हात थांबला की बाहेर काढते. आकडे तयार असले तर ऑनलाइनचे काम एका बैठकीत उरकते.

साधने

चार गोष्टी पुरतात: ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, तक्त्यांसाठी लिबरऑफिस कॅल्क, पीडीएफसाठी क्यूपीडीएफ आणि टॅब्युला, पासवर्डसाठी कीपासएक्ससी. सगळी विंडोजवरही चालतात, लिनक्सवरही. लिबरऑफिस बसवताना मराठी भाषा निवडली तर त्याचे मेनू मराठीत येतात.

संगणक जुना असेल तर एक ध्यानात ठेवा. विंडोज १० ला नियमित सुरक्षा सुधारणा देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. शाळांत आणि घरांत अशी यंत्रे पुष्कळ पडून आहेत. त्यांवर लिनक्स मिंट बसवले तर ती रिटर्नच्या कामाला अजून काही वर्षे सहज पुरतील. चोरीचे एक्सेल टाकलेल्या संगणकावर पॅन आणि बँकेचे तपशील उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

ग्नूकॅश हे मुक्त हिशेब-सॉफ्टवेअर चांगले आहे, पण नुसत्या पगारदाराला त्याची गरज नाही. मोंढ्यात आडत किंवा बाजारात दुकान असेल तर जरूर शिका. म्युच्युअल फंड असणाऱ्यांसाठी कॅसपार्सर नावाची मुक्त पायथन लायब्ररी आहे; ती फंडांचे एकत्रित विवरण वाचून भांडवली नफा काढते. ज्याला कमांड लिहिता येतात त्याचे काम ती पुष्कळ हलके करते.

कागद जुळवणे

संगणकावर वर्षाच्या नावाने एक फोल्डर करा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे कर आकारणी वर्ष २०२६-२७ चे, रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आहे. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्यात ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली, पण ती त्या तारखेनंतरच्या उत्पन्नाला. दोन्हींची गल्लत करू नका.

फोल्डरमध्ये या गोष्टी हव्यात: फॉर्म १६ चे दोन्ही भाग, फॉर्म २६एएस म्हणजे करकपातीचे विवरण, एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण, सगळ्या बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे, शिक्षक पतसंस्थेतल्या ठेवींचा उतारा, आणि शालार्थ किंवा सेवार्थ या वेतन प्रणालींतल्या बाराही महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती. पगारपत्रके लोक टाळतात. ती टाळू नका. फॉर्म १६ मधली चूक पकडायची असेल तर ती तिथेच सापडते.

एआयएसच्या पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन इंग्रजी लहान अक्षरांत, आणि त्याला जोडून दिवस, महिना, वर्ष अशी आठ आकडी जन्मतारीख. क्यूपीडीएफने पासवर्ड एकदा काढून प्रत ठेवली, की टॅब्युलामध्ये ती उघडून हव्या त्या तक्त्याभोवती चौकट ओढायची. आकडे थेट कॅल्कला समजतील अशा रूपात बाहेर पडतात. टॅब्युला तुमच्याच संगणकावर चालते, कागद कुठे बाहेर जात नाही. ‘पीडीएफ एक्सेल करून मिळेल’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर आयकराचे कागद चढवू नका, एवढी विनंती. टॅब्युलाला स्कॅन केलेले पान मात्र वाचता येत नाही. ते हाताने उतरवावे लागते.

२६एएस साठी त्याहून सोपी युक्ती आहे. ट्रेसेस या विभागाच्या करकपातीच्या संकेतस्थळावर तो पाहताना मजकूर हा प्रकार निवडा. झिप फाइल उतरते, तिचा पासवर्ड म्हणजे नुसती आठ आकडी जन्मतारीख. आतली फाइल पहिल्यांदा पाहिली तर गोंधळ वाटतो: सगळे आकडे एकापुढे एक, आणि मध्ये ^ हे चिन्ह. ती कॅल्कमध्ये उघडा. कॅल्क विचारतो, रकाने कशाने वेगळे केले आहेत? बाकीच्या खुणा काढून ‘इतर’समोर ^ टाका. खालच्या नमुन्यात मजकूर लगेच रकान्यांत बसलेला दिसेल. तारखेच्या रकान्यावर टिचकी मारून त्याचा प्रकार दिवस-महिना-वर्ष असा करा आणि मगच पुढे जा, नाहीतर तारखा नुसता मजकूर म्हणून येतात आणि क्रमाने लावता येत नाहीत.

आता पाहायचे ते हे. कलम १९२ च्या ओळी तुमच्या पगारातल्या करकपातीच्या, १९४ए च्या ठेवींच्या व्याजावरच्या. १९२ च्या ओळींची बेरीज फॉर्म १६ शी जुळली पाहिजे. न जुळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जानेवारी ते मार्च या तिमाहीचे करकपातीचे २४क्यू विवरण कार्यालयाने वेळेत भरलेले नसते. त्याची मुदत ३१ मे असते. तसे दिसले तर रिटर्न रेटून भरू नका. पंचायत समितीत किंवा ज्या कार्यालयातून पगार निघतो तिथे जाऊन संबंधित लिपिकाला छापील २६एएस दाखवा. कपात झालेली पण विभागाकडे न दिसणारी रक्कम भरून रिटर्न दाखल केले, की नंतर मागणीची नोटीस येते आणि ती निस्तरायला महिने जातात.

व्याजाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. एआयएसमध्ये दिसत नाही ते उत्पन्न दाखवायचे नाही, असे लोक धरून चालतात. पतसंस्थेचे व्याज पुष्कळदा तिथे दिसत नाही. ते करपात्र आहेच. दाखवा.

कराचा तक्ता

कॅल्कमध्ये नवी फाइल घ्या आणि पाच पाने करा: पगार, व्याज, शेती, दर, कर. नियम एकच पाळा: आकडा एकदाच लिहायचा, बाकी सगळीकडे त्याचा संदर्भ द्यायचा. दर कधीही सूत्राच्या पोटात कोंबू नका, ‘दर’ या पानावरच ठेवा. पुढच्या वर्षी अर्थसंकल्प बदलला की तेवढे एक पान बदलायचे.

२०२५-२६ साठी नव्या करप्रणालीचे टप्पे असे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यावर ३० टक्के. पगारदाराला ७५,००० रुपये प्रमाणित वजावट. इथे एक सोय दडलेली आहे. प्रत्येक टप्प्याला दर बरोबर पाचनेच वाढतो. त्यामुळे ‘जर-तर’ची लांबलचक सूत्रे लिहायची गरज नाही. ‘दर’ पानावर एकाखाली एक सहा रकमा लिहा: ४, ८, १२, १६, २० आणि २४ लाख. शेजारच्या रकान्यात प्रत्येकीसमोर करपात्र उत्पन्नातून ती रक्कम वजा करा, आणि उत्तर ऋण आले तर शून्य धरण्यासाठी मॅक्स हे फंक्शन लावा. सहा उत्तरांची बेरीज, तिचे ५ टक्के, झाला कर.

१४ लाख करपात्र उत्पन्न घेऊन पडताळा. ४ लाखांवर १० लाख, ८ लाखांवर ६ लाख, १२ लाखांवर २ लाख, बाकी तिन्ही शून्य. बेरीज १८ लाख, ५ टक्के म्हणजे ९०,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून ९३,६००.

पुढची ओळ कलम ८७ए च्या सवलतीची. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणजे एकूण पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्य. १२ लाखांपेक्षा थोडेच जास्त असेल तर सीमांत सवलत आहे: १२ लाखांवर जेवढे उत्पन्न, त्याहून अधिक कर घेता येत नाही. १२ लाख १० हजारांवर तक्ता ६१,५०० दाखवेल, पण देणे १०,००० आणि उपकर एवढेच. त्यासाठी मिन हे फंक्शन लावून दोन रकमांतली लहान घ्या. साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे ही सवलत आपोआप संपते.

जुन्या प्रणालीसाठी तशाच तीन ओळी: अडीच लाखांवर ५ टक्के, ५ लाखांवर आणखी १५, १० लाखांवर आणखी १०. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा आणि आकडा बोलू द्या. घरकर्ज आहे, विमा आहे, म्हणून जुनीच प्रणाली बरी, असे अजून पुष्कळांना वाटते. १४ लाख ७५ हजार एकूण पगार घ्या. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, ८०सी चे पूर्ण दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५०,००० आणि घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख वजा केले तरी १०,२२,५०० उरतात आणि कर उपकरासह १,२४,०२० येतो. नव्या प्रणालीत तोच माणूस ९३,६०० देतो. ३०,४२० रुपयांचा फरक आहे. घरभाडे भत्त्याची मोठी सूट असणाऱ्यानेच जुन्या प्रणालीचा गंभीरपणे विचार करावा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी रिटर्नमध्येच करता येते, मात्र मुदतीत. उशीर झाला तर नवीच प्रणाली लागते.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांनी एनपीएस नीट पाहावी. शासनाचा वाटा, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होतो. पण तो आधी पगारात मिळवलेला असला पाहिजे. फॉर्म १६ मध्ये तो दोन्ही बाजूंना दिसतो का, हे पगारपत्रकांशी ताडून बघा.

शेती असेल तर

बिलोली तालुक्यात पगारदाराच्या नावावर शेत नसणे हाच अपवाद. तरीही बहुतेक जण आयटीआर-१ भरतात आणि शेतीच्या रकान्यात शून्य टाकतात. हे चूक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. अंदाजित नफ्यावर आयटीआर-४ भरणाऱ्या दुकानदारालाही तीच ५,००० ची मर्यादा आहे; त्याला आयटीआर-३ कडे जावे लागते. सातबारा वडिलांच्या नावावर आहे आणि माल त्यांच्याच नावाने विकला, तर ते उत्पन्न त्यांचे. तुम्ही दाखवायचे नाही.

‘शेती’ या पानावर तारीख, पीक, पट्टीचा क्रमांक, रक्कम असे रकाने करा. आडत्याकडून मिळालेली प्रत्येक पट्टी मोबाइलने टिपून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. खर्चाचे वेगळे रकाने: बियाणे, खत, फवारणी, सालगडी, काढणी, भाडे. सोयाबीन आणि कापूस विकून आलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. तीतून खर्च वजा करून उरते ते. हा हिशेब पेरणीपासून लिहीत गेलात तर जुलैत डोके खाजवावे लागत नाही.

करमुक्त असूनही शेतीचे उत्पन्न दर ठरवताना मोजले जाते, आणि तक्त्यात ते तीन ओळींत बसते. पहिली ओळ: इतर करपात्र उत्पन्न अधिक शेती, त्यावरचा कर. दुसरी: शेती अधिक मूळ करमुक्त मर्यादा, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाख, त्यावरचा कर. तिसरी: पहिलीतून दुसरी वजा. मघाच्याच १४ लाखांच्या माणसाला शेतीचे २ लाख असतील तर १६ लाखांवर १,२०,०००, ६ लाखांवर १०,०००, फरक १,१०,०००. उपकरासह १,१४,४००. शेती लपवली असती तर ९३,६०० आले असते. म्हणजे २०,८०० रुपयांचा कर चुकवल्याची नोंद त्याच्या नावावर झाली असती, आणि बँक खात्यात पट्टीचे पैसे जमा झालेले विभागाला दिसू शकतातच.

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असणाऱ्यांना याची झळ क्वचित लागते, कारण ६०,००० पर्यंतची सवलत तो कर गिळून टाकते. पण पगार १२ लाखांच्या जवळ आणि शेतीही मोठी, तर ६०,००० च्या वरचा भाग द्यावा लागतो. असे असेल तर हे पान दोनदा तपासा.

शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेले तर आयटीआर-२ मध्ये जमिनीचा तपशील मागतात: जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरात, जमीन स्वतःची की कसायला घेतलेली, बागायती की कोरडवाहू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टरला २.४७१ ने गुणा. २ हेक्टर ४० आर म्हणजे ५.९३ एकर.

थकबाकी मिळाली असेल तर

वेतन आयोगाचा फरक, वेतननिश्चितीचा फरक, जुना महागाई भत्ता: मागच्या वर्षांचे पैसे या वर्षी हातात आले आणि त्याने कर वाढला, तर कलम ८९ प्रमाणे दिलासा मिळतो, नव्या प्रणालीतही. अट एकच, आणि तीच लोक विसरतात. फॉर्म १०ई पोर्टलवर रिटर्नच्या आधी भरायचा. नंतर भरला तर दिलासा नाकारला जातो.

तक्त्यात प्रत्येक जुन्या वर्षासाठी त्या वर्षाच्या दरांचे एक पान करा. थकबाकीमुळे या वर्षी वाढलेला कर एका बाजूला, ती रक्कम ज्या त्या वर्षी मिळाली असती तर वाढला असता तो कर दुसऱ्या बाजूला. फरक म्हणजे दिलासा. या वर्षी कर शून्यच असेल तर मागायला काही उरत नाही, तेव्हा हे काम सोडून द्या.

पोर्टलवर

आता फायरफॉक्स उघडा. आधी बँक खाते पडताळलेले आहे का ते पाहा, परतावा तिथेच येतो. वर्ष आणि फॉर्म निवडा, ऑनलाइन प्रकार घ्या. पगार, व्याज, करकपात असे बरेचसे रकाने आधीच भरलेले दिसतील. ते आयते आहेत म्हणून मान्य करत सुटू नका. एकेक आकडा तक्त्याशी लावून पुढे जा. शेवटी पोर्टल जो कर दाखवील तो तुमच्या ‘कर’ पानाशी दहा रुपयांच्या आत जुळला पाहिजे, कारण कायद्याने रक्कम दहाच्या पटीत करतात. त्याहून मोठा फरक आला तर पाठवू नका. मसुदा जतन करा आणि फरक कुठला ते शोधा. बहुतेक वेळा एखादे व्याज दोनदा आलेले असते, किंवा तुमच्या तक्त्यात सवलतीची ओळ चुकलेली असते.

पाठवल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायची. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी हा सोपा मार्ग. पडताळणी झाली नाही तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते. रिटर्न भरण्याचीच मुदत चुकली तर ५ लाखांपर्यंत उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क आहे.

काम कुणा दुसऱ्याच्या किंवा केंद्राच्या संगणकावर करावे लागलेच तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, पासवर्ड जतन करू देऊ नका, आणि उतरलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन तिथून पुसून टाका. ओटीपी स्वतः टाका. तो फोनवरून कुणाला सांगू नका, ओळखीचा असला तरी.

नंतर

काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. तिचाही पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख असाच. तीत दोन रकाने असतात, एक तुम्ही दिलेल्या आकड्यांचा, दुसरा विभागाने काढलेल्या. दोन्ही ओळीने वाचा. फरक असेल तिथे तुमचा तक्ता उत्तर द्यायला तयार आहे. मग सगळे फोल्डर, तक्त्याला पासवर्ड लावून, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घरात ठेवा. कॅल्कमध्ये फाइल जतन करतानाच पासवर्डची खूण मिळते.

आणि एक काम जुलै संपण्याआधी करा. तक्त्यातले आपले पॅन, नाव, आकडे सगळे पुसून त्याची कोरी प्रत काढा आणि शाळेतल्या, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना द्या. सूत्रे उघडी असल्याने ज्याला शंका येईल तो तपासेल, चूक सापडली तर सांगेल, आणि सुधारलेली प्रत पुढे जाईल. नांदेडमध्ये श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. आयकर विभाग रिटर्नच्या जेसन फाइलचा आराखडा आणि पडताळणीचे नियम दरवर्षी पोर्टलवर प्रसिद्ध करतो. ते कुणालाही उतरवून घेता येतात. एवढ्या सामग्रीवर शेतीसह पगाराचा कर मराठीत काढून दाखवणारे मुक्त सॉफ्टवेअर हा अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला साजेसा विषय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी तो हाती घ्यावा, आणि तपासायला बिलोलीचे गुरुजी आपले तक्ते घेऊन पुढे यावेत.